सवलतीतली एकवीस गिअरची सायकल की गल्लीतल्या दुकानातली साधी सायकल?

नवी मुंबईत ऐरोलीला राहणाऱ्या एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी आठवीत आहे, उंची १५२ सेंटिमीटर. शाळा आणि क्लास मिळून रोज पाच-सहा किलोमीटर सायकल चालेल. डिस्काउंट स्टोअरमध्ये २१ गिअर, पुढे-मागे सस्पेन्शन आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक अशी सायकल ८,९९९ रुपयांना लागली आहे. घराजवळच्या दुकानदाराने सात गिअरची, सस्पेन्शन नसलेली, साध्या ब्रेकची सायकल १२,५०० ला सांगितली. साडेतीन हजार जास्त मोजून कमी गोष्टी असलेली सायकल का घ्यायची? आणि रविवारी पाम बीच रोडला एखादी फेरी मारायला तीच सायकल वडिलांना चालेल का?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. ८,९९९ ची ती सायकल घेऊ नका. पण १२,५०० चीच घ्या असंही माझं म्हणणं नाही. त्याच दुकानात जाऊन विचारा, की नऊ हजारांच्या आसपास बिनगिअरची, सस्पेन्शन नसलेली, ॲल्युमिनियमच्या रिमची आणि वी-ब्रेकची कोणती सायकल आहे. दुकानात वी-ब्रेकला, म्हणजे दोन भुजांनी रिम दाबणाऱ्या ब्रेकला, ‘पॉवर ब्रेक’ म्हणतात. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे हा सगळा पट्टा सपाट आहे. क्लासला जायला-यायला गिअर लागतच नाहीत. मुलीला पुढे लांब फिरायची आवड लागणार असेल तर सात गिअरची घ्या, ती गरज वेगळी.

आता साडेतीन हजारांचा फरक कशाचा, ते पाहू. नऊ हजारांत कर, वाहतूक, स्टोअरचा नफा आणि खोक्याचा खर्च निघतो. उरलेल्या पैशांत कारखान्याला एकवीस गिअर, दोन सस्पेन्शन आणि दोन डिस्क बसवायच्या असतात, कारण खोक्यावर त्याच छापता येतात. मग बचत होते ती न दिसणाऱ्या जागी. रिम एकपदरी येतो, स्पोक सैल ताणलेले असतात, हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) ग्रीस नावापुरतं असतं, क्रँकला (पेडल लागतं त्या दांड्याला) दातेरी चकत्या रिव्हेटने ठोकलेल्या असतात, केबलचं आवरण पातळ असतं. यातलं काहीच स्टोअरमध्ये उभं राहून कळत नाही. कळतं ते तीन-चार महिन्यांनी, बहुतेक वेळा पहिल्या पावसाळ्यात.

सस्पेन्शनबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मुलांचा हट्ट तिथेच असतो. या किमतीत पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात (फोर्कमध्ये) नुसती स्प्रिंग असते. धक्का बसल्यावर स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची किंवा हवेची यंत्रणा त्यात नसते, त्यामुळे खड्डा गेल्यावरही सायकल डुलत राहते. मागच्या सस्पेन्शनला फ्रेममध्ये सांधा असतो आणि त्या सांध्यात बहुतेकदा प्लॅस्टिकचा बुश. तो झिजला की मागचं चाक डावी-उजवीकडे हलायला लागतं. पेडल मारलेला जोर काही प्रमाणात स्प्रिंग दाबण्यातच जातो. वजन सहज अठरा किलोंच्या आसपास पोचतं, आणि पंचेचाळीस किलोच्या मुलीने ते सोसायटीच्या पायऱ्यांवरून चढवायचं असतं. शिवाय अशा फ्रेमला पूर्ण लांबीचं मडगार्ड आणि धड करियर बसत नाही. जून ते सप्टेंबर पाठीवर चिखलाची रेघ घेऊन शाळेत जावं लागेल, आणि दप्तर पाठीवरच राहील.

२१ हा आकडाही नीट समजून घ्या. पुढे तीन चकत्या, मागे सात, गुणाकार एकवीस. त्यातली बरीच गुणोत्तरं एकमेकांवर पडतात. सगळ्यात मोठी पुढची चकती आणि सगळ्यात मोठी मागची, किंवा दोन्हीकडच्या सगळ्यात लहान, या जोड्या वापरूच नयेत, कारण चेन तिरपी ओढली जाते आणि लवकर झिजते. पुढे ४० दातांची एकच चकती आणि मागे १४ ते ३४ दातांचं सात गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा गठ्ठा, असेल, तर सगळ्यात हलक्या गिअरला चाक पायाच्या एका फेऱ्यात जेमतेम १.१८ वेळा फिरतं. ठाण्याला जाऊन येऊरचा चढ घ्यायचा झाला तरी सावकाश, न उतरता घेता येतो. पुढचं डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, नसलं की बिघडणारा एक भागही कमी होतो, आणि नवशिक्या मुलांच्या सायकलचं बऱ्याचदा तेच बिघडतं.

डिस्क ब्रेक वाईट नव्हेत. पावसात ते रिमच्या ब्रेकपेक्षा भरवशाचे असतात. पण या किमतीत येतात ते केबलवर चालणारे, आणि त्यातला एकच पॅड हलतो. हलणारा पॅड चकतीला थोडं वाकवून दुसऱ्या पॅडवर दाबतो, म्हणून दोन्हीकडचं अंतर बारकाईने जुळवावं लागतं. ते खोक्यातून जुळवून येत नाही. वाहतुकीत चकती वाकली असेल तर चाक फिरताना ‘श्याक-श्याक’ आवाज येतो, आणि घरचं कोणीतरी तो थांबवायला तेलाचे दोन थेंब सोडतं. तसं कधीही करू नका. पॅडमध्ये तेल मुरलं की ब्रेक लागत नाही आणि पॅड टाकूनच द्यावे लागतात.

या उलट वी-ब्रेक आणि ॲल्युमिनियमचा रिम ही जोडी कुठलाही मेकॅनिक पाच मिनिटांत लावून देतो, आणि ब्रेक शू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. अट एकच, रिम ॲल्युमिनियमचाच हवा. क्रोमचा मुलामा दिलेल्या लोखंडी रिमवर ओला ब्रेक फार उशिरा लागतो. ओळखायला सोपं आहे: फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात टाकून दुकानात जा. रिमला चिकटलं तर लोखंड. तेच चुंबक हँडल, सीटपोस्ट आणि क्रँकला लावून बघा. लोखंडी हँडल चालेल, लोखंडी क्रँकही चालेल, लोखंडी रिम रिमच्या ब्रेकसोबत नको.

आता खरा मुद्दा. सायकल कारखान्यातून तयार होऊन निघत नाही. ती खोक्यात येते, ‘८५ टक्के जोडलेली’ असं त्यावर लिहिलेलं असतं, आणि उरलेल्या पंधरा टक्क्यांवर जीव अवलंबून असतो. पुढचं चाक, हँडल, पेडल, सीट, ब्रेक, गिअर हे सगळं कुणीतरी हाताने बसवतं. दुकानात ते काम करणारा माणूस उद्या तुमच्या समोर उभा असतो. स्टोअरमध्ये ते काम बऱ्याचदा खेळणी आणि बादल्या रचणाऱ्या मुलाला दिलेलं असतं, किंवा तुमच्याकडेच खोकं सोपवलं जातं. त्या मुलाचा काही दोष नाही, त्याला ते शिकवलेलंच नसतं.

काय चुकतं ते नीट सांगतो, म्हणजे तुम्हाला स्वतः बघता येईल.

सगळ्यात धोकादायक म्हणजे उलटा बसवलेला चिमटा. खोक्यात हँडल फिरवून ठेवलेलं असतं आणि जोडणारा ते तसंच आवळतो. बाजूने पाहिलं की चिमट्याचं टोक, जिथे चाकाचा एक्सल बसतो, ते पुढे झुकलेलं दिसायला हवं. वी-ब्रेकच्या भुजा चिमट्याच्या पुढच्या बाजूला हव्यात. डिस्क असेल तर कॅलिपर (पॅड धरणारा भाग) बसणाऱ्याच्या डाव्या हाताला, चिमट्याच्या मागच्या अंगाला हवा. चिमटा उलटा असला की पाय पुढच्या चाकाला लागतो आणि वळताना सायकल आपोआप आत ओढते.

मग पेडल. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. दांड्यावर ‘आर’ आणि ‘एल’ कोरलेलं असतं. लक्षात ठेवायला एक युक्ती: १५ चा पाना पेडलच्या दांड्याला वरून लावून पुढच्या चाकाकडे वळवला की दोन्हीकडची पेडल आवळली जातात. पहिले तीन-चार आटे पाना न लावता बोटांनीच फिरायला हवेत. जोर लावावा लागला तर आटा तिरपा चढतोय, तिथेच थांबा. पेडलचा दांडा पोलादी आणि क्रँक ॲल्युमिनियमचा असेल तर क्रँकचेच आटे सोलले जातात, आणि पंधरा दिवसांत पेडल गळून पडतं. मग पेडल बदलून भागत नाही, क्रँक बदलावा लागतो.

क्रँकचंही तसंच. चौकोनी टोकाच्या एक्सलवर क्रँक दाबून बसवून बोल्टने आवळलेला असतो, तोही साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटरने, म्हणजे लांब दांड्याच्या पान्यावर भरपूर जोर देऊन. हा बोल्ट ढिला राहिला आणि सायकल चालवत राहिलात, तर क्रँकचं चौकोनी भोक गोलसर होतं. एकदा गोल झालं की कितीही आवळा, दर दोन दिवसांनी ढिलंच होणार. पेडल मारताना ठरावीक जागी ‘टक्’ असा आवाज आणि पायाला किंचित झोल लागला, तर सायकल तिथेच थांबवा आणि हातात घेऊन दुकानात जा. क्लासपर्यंत जाऊन येऊ मग बघू, असं करण्यात क्रँक जातो.

हँडलची परीक्षा अशी: पुढचं चाक दोन गुडघ्यांमध्ये धरा आणि हँडल जोराने फिरवा. चाक न हलता हँडल फिरलं तर स्टेम, म्हणजे हँडल धरणारा भाग, ढिला आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. मानेजवळ ‘खट-खट’ लागलं तर हेडसेट, म्हणजे मानेतलं बेअरिंग, ढिला आहे. नव्या पद्धतीच्या स्टेममध्ये आधी वरच्या झाकणाचा बोल्ट हलका आवळून झोल काढायचा आणि मग बाजूचे दोन बोल्ट आवळायचे, हा क्रम असतो. उलट केलं तर झोल जात नाही, आणि झाकणाचा बोल्ट दामटला की हँडल जड होतं. सीटपोस्टवर आणि जुन्या धाटणीच्या स्टेमवर एक रेघ कोरलेली असते. ती रेघ फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. बाहेर दिसली तर सीट जास्त वर काढली आहे, नळी मोडू शकते.

चाकाकडे शांतपणे बघा. सायकल उलटी करून चाक फिरवा आणि ब्रेक शू व रिममधलं अंतर पाहा. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. दोन-तीन मिलिमीटर झुलत असेल तर चाक ‘आउट’ आहे. मग शेजारचे दोन-दोन स्पोक चिमटीत दाबत एक फेरी मारा. त्याच बाजूचे सगळे सारखे कडक लागले पाहिजेत. यंत्रावर विणलेली स्वस्त चाकं कमी ताणलेली येतात. पहिल्या काही दिवसांत स्पोक आपल्या जागी बसतात, आणखी सैल होतात, आणि मग हबजवळच्या वाकाशी तुटायला लागतात. एक तुटला की शेजाऱ्यांवर ताण वाढतो. आपल्या भागातल्या खड्ड्यांना आणि उंचसखल पेव्हर ब्लॉकना अशी चाकं फार दिवस पुरत नाहीत. चांगला दुकानदार विकण्याआधीच चाक स्टँडवर चढवून स्पोक-चावीने सगळे स्पोक थोडे-थोडे आवळतो आणि आउट काढतो. हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. १२,५०० मधला एक भाग या पाऊण तासाचा असतो.

हबचे छर्रेही तसेच. पुढच्या हबला प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे दहा, मागच्याला पाव इंचाचे नऊ असे साधारण असतात. कारखान्यातून कोन, म्हणजे हे छर्रे दाबून धरणारे नट, बहुधा जास्त आवळून येतात. एक्सल बोटांनी फिरवला आणि तो अडखळत, खरखरत फिरला, तर तसाच चालवू नका. छर्रे कोनवर रुततात, खाचा पडतात आणि मग हबच बदलावा लागतो.

गिअर असलेल्या सायकलला एक तपासणी चुकवू नका. मागचं चाक उचलून पेडल फिरवत चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर न्या आणि डिरेल्युअरला हाताने स्पोककडे हलकंच ढकला. चेन चकती ओलांडून स्पोकमध्ये उतरायला बघत असेल तर ‘एल’ लिहिलेला मर्यादा-स्क्रू ढिला आहे. चढावर हलका गिअर टाकताना डिरेल्युअर स्पोकमध्ये अडकला की डिरेल्युअर, त्याचा हँगर (तो ज्याला टांगलेला असतो तो तुकडा) आणि चार-सहा स्पोक एकदम जातात. मागून पाहा: डिरेल्युअरची दोन्ही छोटी चाकं सरळ एकाखाली एक दिसायला हवीत. तिरकी दिसली तर खोकं त्या बाजूवर पडलेलं आहे आणि हँगर वाकलेला आहे.

ब्रेकचं मोजमाप: शू आणि रिममध्ये दोन्हीकडे एक ते दोन मिलिमीटर अंतर, शू पूर्ण रिमवर, टायरला कणभरही न टेकणारा. टायरला घासणारा शू काही दिवसांत टायरची बाजू कापून ट्यूब फोडतो. मूठ पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि ग्रिपमध्ये निदान दोन सेंटिमीटर राहिले पाहिजेत. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. परदेशी बाजारासाठी जोडलेल्या खोक्यात कधी तो डावीकडे येतो. मुलीला ज्याची सवय आहे तसा लावून घ्या, कारण घाबरल्यावर हात सवयीनेच दाबतो.

इतकं सगळं वाचून स्टोअरमधलं काहीच घेऊ नये असं वाटेल, पण ते खरं नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी १२, १४ किंवा १६ इंचाची सायकल स्टोअरमधून खुशाल घ्या. त्यात गिअर नाहीत, वेग नाही, आणि दोन वर्षांत ती लहान होणारच असते. पेडल, हँडल आणि ब्रेक तेवढे वर सांगितल्याप्रमाणे तपासा, आधाराची छोटी चाकं घट्ट करा. तसंच, खेळाच्या साहित्याची जी मोठी दालनं स्वतःचं वर्कशॉप चालवतात, आपण विकलेल्या सायकलींची सर्व्हिसिंग करतात आणि सुटे भाग ठेवतात, त्यांना मी डिस्काउंट स्टोअरमध्ये धरत नाही. तिथे सायकल चालवून बघता येते, मापं मिळतात. ऐरोलीहून ते दालन किती लांब आहे आणि साध्या पंक्चरसाठी तिथवर जाणार का, एवढाच विचार करा.

आणि गल्लीतलं प्रत्येक दुकान चांगलं असतं असंही नाही. काही दुकानदार खोकं उघडून वीस मिनिटांत सायकल उभी करतात आणि पैसे मात्र फिटिंगचे घेतात. पारखायला चार प्रश्न पुरतात. चाकाचा आउट काढायचा स्टँड दुकानात आहे का? नसेल तर काम बाहेर जातं, किंवा होतच नाही. पहिली सर्व्हिसिंग कधी आणि त्यात काय काय करणार? उत्तर ‘हवा, तेल, पुसून देतो’ असं आलं तर दुसरं दुकान बघा. ‘केबल ओढून देतो, स्पोक बघतो, क्रँक आवळतो’ असं आलं तर माणसाला काम कळतं. या मॉडेलचा हँगर, फ्रीव्हील आणि इनर केबल तुमच्याकडे आत्ता आहे का? आणि शेवटचा: दुरुस्तीला आलेल्या सायकली किती आहेत ते विचारू नका, नुसतं आजूबाजूला बघा. दारात दुरुस्तीच्या सायकली उभ्या असलेलं दुकान विक्रीच्या चकचकीत दुकानापेक्षा बरं.

वेळ निवडणंही महत्त्वाचं आहे. शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात आणि दसरा-दिवाळीच्या गर्दीत सगळीकडेच फिटिंग घाईत होतं. एप्रिल-मे महिन्यांत, तेही शनिवार-रविवार सोडून जा. फिटिंग होताना उभं राहू द्या म्हणावं. चांगल्या मेकॅनिकची त्याला हरकत नसते.

किमतीवर घासाघीस करण्यापेक्षा वस्तू मागा. पूर्ण मडगार्ड, साइड स्टँड, घंटी, मागचं करियर, पुढचा-मागचा दिवा, कुलूप. स्टोअरच्या सायकलला हे बहुतेक नसतंच, आणि वेगळं घेतलं तर साधारण हजार-बाराशे सहज जातात. त्यात मेकॅनिककडून पूर्ण फिटिंग आणि आउट काढून घेण्याचे सहाशे ते हजार धरा. म्हणजे साडेतीन हजारांचा फरक पहिल्याच आठवड्यात दीड हजाराच्या आसपास येतो. शून्यावर येत नाही, हे खरं आहे. उरलेला दीड हजार बऱ्या रिमचा, हबचा आणि पहिल्या दोन फुकट सर्व्हिसिंगचा समजा.

एमआरपीबद्दल एक गोष्ट पक्की धरा: तिच्यात सगळे कर धरलेले असतात. वर वेगळा जीएसटी मागितला तर देऊ नका. सायकलवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या स्टिकरची सायकल असेल तर तेही बोलून घ्या. १६,९९९ खोडून ८,९९९ लिहिलेलं असेल तर खोडलेल्या आकड्याकडे बघू नका, तो कोणी दिलेलाच नसतो. बिल पक्कं घ्या, आणि त्यावर मॉडेलचं नाव व फ्रेम नंबर लिहून घ्या. हा नंबर बहुतेक सायकलींना पेडलच्या एक्सलखाली, फ्रेमच्या तळाला ठोकलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. सोसायटीतून सायकल चोरीला गेली तर पोलिसात तक्रार करताना ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो. वॉरंटी साधारणपणे फ्रेमच्या कारखान्यातल्या दोषावर असते. टायर, ट्यूब, केबल, ब्रेक शू तिच्यात येत नाहीत, आणि हे दोन्हीकडे सारखंच.

आता माप, आणि वडिलांचा रविवार. १५२ सेंटिमीटरच्या मुलीला २६ इंचाचं चाक आणि १५-१६ इंचाची फ्रेम बसेल. बूट घालून, वरची नळी दोन पायांच्या मध्ये घेऊन आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिलं की नळी आणि शरीर यांच्यात तीन ते पाच सेंटिमीटर मोकळे हवेत. नळी खाली वाकवलेली ‘लेडीज’ फ्रेम असेल तर हा प्रश्न येत नाही, पण हँडलपर्यंतची पोच बघावीच लागते: बसल्यावर कोपर थोडं वाकलेलं हवं, हात ताठ नकोत. सीटची उंची ठरवायला टाच पेडलवर ठेवून पेडल खाली न्या, पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पेडलवर आला की गुडघ्याला हवा तेवढाच बाक राहतो. ‘वाढतं अंग आहे, एक माप मोठी घेऊ’ हे सायकलच्या बाबतीत करू नका. सिग्नलला पाय टेकला नाही तर मुलगी एका बाजूला कलंडते, आणि वर्दळीच्या रस्त्यावर बाजूला रिक्षा आणि बस असते.

म्हणूनच वडिलांसाठी तीच सायकल, हे जमणार नाही. क्विक रिलीजने सीट वर-खाली होते, पण हँडलचं अंतर बदलत नाही. तिच्यापेक्षा बऱ्याच उंच माणसाला मुलीच्या मापाच्या फ्रेमवर गुडघे हँडलला लागल्यासारखे वाटतील आणि कंबर भरून येईल. शिवाय फ्रीव्हीलच्या स्वस्त मागच्या हबमध्ये उजवीकडे एक्सलचा लांब भाग बेअरिंगच्या आधाराशिवाय असतो. जड माणूस आणि खड्डा एकत्र आले की तो तिथे वाकतो. वडिलांसाठी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या सायकलींपैकी एखादी विकत मागा. फ्रेम सरळ असेल आणि रंगाखाली फुगलेला गंज नसेल, तर दोन टायर-ट्यूब, चेन, केबल, ब्रेक शू आणि ओव्हरहॉलिंग करून ती पुन्हा रस्त्यावर येते. तेच दुकान हे काम करेल.

ऐरोलीला खाडी लागून आहे हे विसरू नका. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत बिनमुलाम्याची चेन आठवड्याभरात तांबूस होते. भिजून आल्यावर चेन फडक्याने कोरडी करा, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडा, पेडल उलटं फिरवा, आणि वरचं तेल पुसून टाका. वर राहिलेल्या तेलाला रेती चिकटते आणि तीच चेन झिजवते. गंज सोडवणारा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. तो आधीचं तेलही धुऊन काढतो. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आधी हब, हेडसेट आणि पेडलचा एक्सल उघडून नवं ग्रीस भरून घ्या. खंडेनवमीला सायकलची पूजा करायची तर ती आतून स्वच्छ असलेली बरी.

सायकल आधीच स्टोअरमधून घेऊन झाली असेल, तर चालवायच्या आधी मेकॅनिककडे न्या आणि त्याला नेमकं सांगा: चिमट्याची दिशा, हेडसेट, क्रँक आणि पेडल आवळणं, दोन्ही हबचे कोन, दोन्ही चाकांचा आउट, ब्रेक, गिअरचे मर्यादा-स्क्रू. ‘सर्व्हिसिंग करा’ एवढंच म्हणालात तर हवा-तेल होऊन परत येईल. नेण्याआधी परतीच्या अटी मात्र वाचा, काही ठिकाणी बाहेर उघडलेली सायकल परत घेत नाहीत. दोष मोठा असेल, म्हणजे फ्रेमचा जोड फुटलेला किंवा चिमटा वाकलेला, तर काहीही न उघडता फोटो काढा, लेखी तक्रार द्या, आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, स्टोअरचं मुख्यालय कुठेही असो.

कुठूनही घेतली तरी पहिला महिना महत्त्वाचा आहे. नव्या केबल पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये आपल्या जागी बसतात, ब्रेक ढिले होतात आणि गिअर दोन चकत्यांमध्ये अडखळायला लागतात. सायकल बिघडली असं समजून घरी स्क्रू फिरवत बसू नका, केबल थोडी ओढून घेतली की काम होतं. रोज पाच-सहा किलोमीटर चालणार असेल तर तीन आठवड्यांनी दुकानात न्या. टायरमधली हवा दर आठवड्याला भरा. किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, आणि मुलीच्या वजनाला छापलेल्या मर्यादेतला खालचा आकडा पुरतो. कमी हवेत खड्डा लागला तर ट्यूब रिममध्ये चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चरवाल्याने तशी जोडीची भोकं दाखवली तर टायरमध्ये काच शोधत बसू नका, पंप घ्या.